डांबरी सोडून जीप कुठे न्यावी?

आजचा विषय वाचून काहींना वाटेल की हा तर पैसेवाल्यांचा शौक, आपल्या पानावर याचे काय काम? पण आता तसे राहिलेले नाही. आपली मुले गॅरेजवर काम करतात, ट्रॅक्टर चालवतात, काळी-पिवळी चालवतात. तिघा-चौघांनी पैसे गोळा केले की एखादी जुनी जीप दारात उभी राहते. आणि एकदा जीप आली की पोट्ट्यांचे मन डांबरी रस्त्यावर रमत नाही. त्यांना नाला पाहिजे, टेकडी पाहिजे, चिखल पाहिजे. हौस वाईट नाही. पण ही हौस कोणाच्या रानात फेडायची, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. आमच्या घरी तो उशिरा सोडवला गेला. म्हणून हे लिहावे लागत आहे.

माझा भाचा अकोल्याला गॅरेजवर आहे. त्याने दोन मित्रांसोबत एक जुनी जीप घेतली. इंजिन स्वतः खोलून बसवले, रंग दिला. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला आणि पुढच्याच रविवारी हे तिघे शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावाजवळ गेले. नाल्याच्या काठाला उताराची मोकळी जागा दिसली. धुरा नाही, कुंपण नाही, उभे पीक नाही. मुलांनी दोन तास गाडी वरखाली केली. चाके रुतली, निघाली, हसणेखिदळणे झाले, फोटो निघाले.

निघायच्या वेळेला एक म्हातारी बाई आली. आपल्याच समाजाची, गावकुसाबाहेर राहणारी. ती रडली नाही, भांडली नाही. खाली बसून तिने चाकाच्या चाकोरीतले ढेकूळ उचलले, फोडले आणि आतले तुरीचे बी मुलांना दाखवले. तीन दिवसांपूर्वी तिने आणि तिच्या सुनेने ते रान टोबले होते. ती एवढेच म्हणाली, "बाप्पा, तुमाले खेयाले दुसरी जागा नव्हती काय? ही ई क्लासची जमीन हाय. माह्या नावचा सात-बारा नाही, म्हनून म्या ठाण्यात बी कोन्त्या तोंडानं जाऊ?"

भाचा घरी आला तेव्हा त्याचे तोंड उतरलेले होते. "मामाजी, आमाले थे जागा पडीत वाटली," असे तो म्हणाला. मी त्याला रागावलो नाही. त्याला फक्त विचारले, "पडीत म्हणजे कोणाची, हे कोणाला विचारले होते काय?" बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे तर आम्ही दिलेच, पण त्याहून बरे म्हणजे पुढच्या रविवारी ही तिन्ही मुले त्या बाईच्या हाताखाली पुन्हा तूर टोबायला गेली. दिवसभर वाकून पाठ भरून आली तेव्हा भाच्याने खरा प्रश्न विचारला, "मंग मामाजी, गाडी चालवाची तरी कुठी?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी तलाठ्याला विचारले, वकिलाला विचारले, वनखात्याच्या पाट्या वाचल्या. जे कळले ते सगळ्या घरांच्या उपयोगाचे आहे.

पडीत दिसते ते पडीत नसते

आपल्या वऱ्हाडात गावाभोवतीच्या सरकारी पडीत जमिनीला ई क्लास म्हणतात. तिच्यात गायरान येते, नाल्याकाठचे तुकडे येतात, खडकाळ माळ येतो. सात-बारावर नाव शासनाचे असते. म्हणून कोणीही यावे आणि गाडी घालावी, असे होत नाही. गायरान गुरांच्या चाऱ्यासाठी राखलेले असते. मशानभूमी, पाणवठा, गुरे बसण्याची जागा यांच्या नोंदी वेगळ्या असतात. आणि अनेक गावांत त्यातल्या काही तुकड्यांवर भूमिहीन कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांपासून पेरणी करत आलेली आहेत.

हे कुटुंब बहुतेक वेळा आपलेच असते, हे आपल्या पोरांना माहीत असायला हवे. पडीत सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली सत्याग्रह झाले. हजारो बाया-माणसे तुरुंगात गेली. पुढे महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. काहींच्या नावे जमीन झाली, काहींचे कागद अजून कचेरीत फिरत आहेत. ज्या आजोबांनी जमिनीसाठी तुरुंग पाहिला, त्यांच्या नातवाने त्याच जमिनीत हौसेची जीप फिरवावी, हे बरे दिसत नाही.

त्या बाईचा एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. सात-बारावर नाव नाही म्हणून तक्रारच करता येत नाही, असे नाही. पेरलेले पीक तिचे आहे. जाणूनबुजून दुसऱ्याच्या वस्तूची नासाडी करणे म्हणजे कायद्याच्या भाषेत आगळीक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ प्रमाणे तो गुन्हा आहे. नुकसान करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीक नष्ट करण्याबद्दल वेगळी तरतूद आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. हे लिहिण्याचा हेतू भांडणे लावणे नाही. कागद नसलेल्या माणसालाही हक्क असतो, एवढे दोन्ही बाजूंना कळावे.

मोटार कायदा काय म्हणतो?

पुष्कळांची समजूत अशी की रस्ता सोडला की आर.टी.ओ.चे राज्य संपले. हे खरे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती वाट, ते मैदान, ती जागा सार्वजनिकच. पांदणीत गाडी चालवतानाही लायसन आणि विमा लागतोच.

नोंदणीचा नियम त्याहून कडक आहे. कलम ३९ सांगते की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी तर नाहीच, पण 'अन्य कोणत्याही जागी' सुद्धा चालवू नये. म्हणजे लिलावातून किंवा भंगारातून उचललेली, आर.सी. नसलेली जीप घरच्या वावरात फिरवली तरी बेकायदाच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. जुनी जीप घेताना रंग आणि टायर पाहण्याआधी हा कागद पाहावा.

गाडीत बदल करण्याचीही पोरांना हौस असते. छत कापायचे, मोठी चाके बसवायची, दुसरे इंजिन टाकायचे. कंपनीने दिलेल्या आणि आर.सी.त लिहिलेल्या तपशिलात परस्पर बदल करण्यास कलम ५२ मनाई करते. शर्यत लावाल तर कलम १८९ आहे. शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे.

आई-वडिलांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती जीप दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. ज्या घरात ड्रायव्हरकी हेच पोट भरण्याचे साधन, त्या घराने या शेवटच्या वाक्याचा नीट विचार करावा. एका रविवारच्या मजेसाठी मुलाची भाकर जाऊ शकते.

जंगलात गाडी घालू नये

अमरावतीच्या पोरांचे पाय आधी पोहऱ्याच्या जंगलाकडे वळतात, अकोल्याच्यांचे काटेपूर्णेकडे आणि नरनाळ्याकडे. परतवाडा गाठला की मेळघाट दिसतोच.

पोहरा-मालखेडचे जंगल शहराला लागून असले तरी तिथे बिबट्या आहे. राखीव वनात विनापरवाना घुसणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. उन्हाळ्यात वाळल्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकला तरी वणवा लागू शकतो. गाडीवाला निघून जातो, आग मात्र वाऱ्यासोबत दूरवर जाते.

मेळघाट हा १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. अकोट तालुक्यातले नरनाळा १९९७ साली अभयारण्य झाले. काटेपूर्णा त्याआधी, १९८८ साली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीवाचून जाता येत नाही. त्यात काही सवलती आहेत. तिथे राहणारे लोक, ज्यांची जमीन आहे ते, आणि सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारे प्रवासी यांना अडवले जात नाही. म्हणून परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी या रस्त्याने तुम्ही गाडी नेऊ शकता. पण त्या रस्त्यावरून चाक जंगलात उतरवले की तुम्ही प्रवासी राहत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या साध्या भंगालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी जप्त होते आणि सरकारजमा होऊ शकते. तीन मित्रांनी पैसे जमवून घेतलेली जीप वनखात्याच्या आवारात गंजत पडावी, यापेक्षा दुसरे दुःख कोणते?

आणि जंगल हे केवळ वनखात्याचे आहे असेही समजू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. परतवाड्याकडच्या पायविहीर, उपातखेडा अशा गावांनी हक्क मिळालेले उजाड रान राखून पुन्हा हिरवे केले. अशा ठिकाणी ग्रामसभेचा शब्द चालतो.

या डोंगरांत बिनरस्त्याने गाडे नेण्याची गोष्ट मात्र जुनी आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगडाला वेढा घातला. तोफा किल्ल्याच्या उत्तरेला नेणे भाग होते, आणि तिकडे रस्ता नव्हता. शिपायांनी डोंगर-दऱ्यांतून स्वतः वाट फोडली आणि जड तोफा बहुतेक वाट हातांनी ओढत नेल्या. याला पाच-सहा दिवस लागले. १५ डिसेंबरला किल्ला पडला. इतिहासात सेनापतीचे नाव राहिले. दोर ओढणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. चिखलदऱ्याला जाल तेव्हा गाविलगडाच्या तटावर उभे राहून हे मुलांना सांगावे. त्यासाठी गाडी डांबरी सोडून उतरवण्याची गरज नाही.

नदी, धरण आणि पांदण

पूर्णा, पेढी, मोर्णा, वर्धा, चंद्रभागा, शहानूर. उन्हाळ्यात या नद्यांची पात्रे कोरडी होतात आणि गाडीवाल्याला मैदान दिसते. पण नदीचे पात्र शासनाचे असते आणि त्यातली रेती गौण खनिज असते. रेतीचोरीमुळे तहसीलदार आणि पोलीस पात्रातल्या प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतात. रात्री तर जाऊच नये. शिवाय कोरड्या पात्रात झिरे खोदून बायका पिण्याचे पाणी भरतात. त्यात डिझेलचा एक थेंब पडला तरी ते पाणी गेले.

धरणाचे पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीनही मोकळी नसते. तिथे गाळपेर होते आणि ती जमीन पट्ट्याने दिलेली असते. महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोला शहर पाणी पिते. मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर अमरावती अवलंबून आहे. आपलेच पिण्याचे पाणी आपणच ढवळावे काय?

राहिली पांदण. ही मात्र खरोखर लोकांची वाट आहे. गावाच्या नकाशात ती दाखवलेली असते. आपल्या विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन जुने कागद प्रत्येक गावाचे असतात. गुरे कुठे चरतील, सरपण कुठून आणता येईल, कोणाला कुठून जाण्याचा हक्क आहे, हे त्यांत लिहिलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांचा उल्लेख आहे. तलाठ्याकडे जाऊन हे कागद पाहा. पोरांनी आपल्या गावाचा नकाशा वाचायला शिकावा, हा या हौसेचा सर्वांत मोठा फायदा होईल. कारण वाट अडवली तर ती तहसीलदाराकडून मोकळी करून घेण्याचा हक्क १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने दिलेला आहे, आणि आपल्या कितीतरी कुटुंबांची वावराची वाट आजही अडलेली आहे.

वाट कागदावर असणे किती महत्त्वाचे, हे परदेशातही दिसते. इंग्लंडमध्ये २००६ च्या एका कायद्याने, नोंद न झालेल्या अनेक जुन्या वाटांवरचा मोटारीचा हक्क संपला. आइसलँडमध्ये तर रस्ता सोडून गाडी चालवण्यालाच बंदी आहे, कारण तिथले शेवाळ एकदा फाटले की भरून यायला कित्येक वर्षे लागतात. अमेरिकेत १९७२ साली राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून, सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही, ते ठरवून द्यायला सांगितले. मोठमोठ्या देशांनाही हा प्रश्न सोडवावा लागला.

काळ्या मातीचा स्वभाव

आपली माती इतर भागांसारखी नाही. वऱ्हाडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती चाकाला अशी धरते की टायरची नक्षी भरून चाक गुळगुळीत होते. मग चारही चाके ओढणारी जीपही जागच्या जागी फिरते. ओल्या रानात जड गाडी गेली की माती दाबून बसते. तिथे पाणी मुरत नाही, मूळ खाली जात नाही. चाकोरीतून पाणी वाहू लागते आणि तिची घळ होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात तर पाण्याचा निचरा मुळातच सावकाश होतो.

त्यामुळे ज्या दिवसांत पोरांना गाडी चिखलात घालावीशी वाटते, म्हणजे जून ते सप्टेंबर, त्याच दिवसांत ती रानात मुळीच घालू नये. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, कापसाचा शेवटचा वेचा होतो, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्यानंतर नांगरटी होईपर्यंत कोरडे रान मोकळे असते. तेच गाडीचे दिवस. फक्त अकोल्याचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते, हे ध्यानात ठेवून सकाळी लवकर जावे आणि दहाच्या आत परतावे.

मग जावे कुठे?

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर.

पहिली जागा, स्वतःचे किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे वावर. पीक निघालेले, नांगरायचे असलेले, शक्यतो मुरमाड किंवा बरड. बरडात चढ-उतार असतात आणि मातीचे नुकसान कमी होते. शेतकरी आनंदाने हो म्हणतो, पण कागद करावा.

दुसरी जागा, पांदण आणि शिवरस्ता. उन्हाळ्यात, सावकाश, बैलगाडीला आणि गुरांना आधी वाट देऊन. पावसाळ्यात नाही. तुम्ही पाडलेल्या चाकोरीत दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याची बैलगाडी रुतते.

तिसरी जागा, वनखात्याची सफारी. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, शहानूर इथून ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी, वाटाड्या सोबत घेऊन जाता येते. पावसाळ्यात बरेच मार्ग बंद असतात. तिथे गाडी तुमच्या हाती नसते, पण कच्च्या वाटेने डोंगर चढण्याचा आनंद घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांनाही मिळतो. शिवाय वाटाड्याला मजुरी मिळते.

चौथी जागा, रीतसर भरवलेले मेळावे. मोटार क्रीडा क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाची मान्यता, जागेच्या मालकाची संमती, पोलिसांची परवानगी आणि रुग्णवाहिका असेल तरच भाग घ्यावा. आपल्या साध्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही, तेव्हा आयोजकाने कोणता विमा काढला आहे, ते विचारावे.

बंद पडलेली गिट्टीची खदान ही जागा या यादीत मुद्दाम घातलेली नाही. तिच्या कडा ढासळतात आणि पाण्याची खोली कळत नाही. ई क्लास जमिनीबद्दल सरपंच तोंडी "जा रे" म्हणाले, तरी ती परवानगी होत नाही.

परवानगीचा कागद

साध्या कागदावर एवढे लिहून घ्यावे: "मी, मौजे अमुक, गट नंबर अमुक या शेताचा मालक, श्री. अमुक यांना दिनांक अमुक रोजी सकाळी ६ ते १० या वेळेत त्यांची जीप क्रमांक अमुक माझ्या शेतात चालवण्यास परवानगी देत आहे. धुरा, बांध, विहीर, पाईपलाईन आणि झाडांना धक्का लागू नये. नुकसान झाल्यास त्यांनी भरून द्यावे." खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

तीन गोष्टी पाहाव्यात. सात-बारावर जेवढी नावे, तेवढ्यांच्या सह्या. शेत ठेक्याने किंवा बटईने दिले असेल तर कसणाऱ्याचीही सही, कारण घाम त्याचा आहे. आणि शेजारच्या धुऱ्यावाल्याला आदल्या दिवशी सांगणे. ग्रामपंचायतीला कळवले तर फारच उत्तम.

मित्रांनी डिझेलचा खर्च वाटून घ्यावा. पण खासगी नंबरच्या जीपमध्ये माणसे बसवून भाडे घेतले, तर परमिटचा गुन्हा होतो.

गाडीवाल्याने पाळायचे

जोर दाखवण्यात मर्दुमकी नाही. जुने ड्रायव्हर सांगतात, कठीण जागी गाडी हळू आणि लहान गिअरमध्ये घ्यावी, मध्येच ब्रेक आणि रेस मारू नये. चढ चढता आला नाही तर गाडी वळवू नये, ती उलटते. रिव्हर्समध्ये सरळ खाली यावे. अनोळखी नाल्यात आधी माणसाने काठी घेऊन उतरावे, मग गाडीने. एक जण खाली उभा राहून वाट दाखवणारा असावा. दोराने गाडी ओढताना दोर बंपरला नाही, चेसिसच्या हुकाला बांधावा आणि सगळ्यांनी दोरापासून दूर उभे राहावे. ताणलेला दोर तुटला तर जीव घेतो.

सीटबेल्ट लावावा. मागे टपावर पोरे बसवू नयेत. फावडे, दोर, पाच-दहा लिटर पाणी आणि मलमपट्टीचा डबा सोबत असावा. कुठे जातो आणि केव्हा येतो, हे घरी सांगून जावे. दारू पिऊन गाडीला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको. आणि निघताना मागे वळून पाहावे. प्लास्टिक, बाटल्या उचलाव्या, चाकोऱ्या फावड्याने बुजवाव्या. सकाळी रान जसे होते तसेच सोडून यावे.

शेवटचे

गेल्या मार्चमध्ये भाचा आणि त्याचे मित्र एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बरडात जीप घेऊन गेले. कागद केला होता, शेजाऱ्याला सांगितले होते. परत येताना त्या शेतकऱ्याचे शेणखताचे दोन फेरे टाकून दिले. पुढच्या वर्षीही या, असे तो स्वतःच म्हणाला.

त्याआधी, जानेवारीत, अवकाळी पाऊस झाला होता. त्या म्हाताऱ्या बाईच्या गावची पांदण चिखलाने भरली आणि बैलगाडी निघेना. तूर तयार होऊन पोत्यांत भरलेली होती. सुनेने भाच्याला फोन केला. हे तिघे जीप घेऊन गेले आणि चार पोती डांबरीपर्यंत आणून सोडली. भाडे घेतले नाही. ही तूर त्यांनीच दुसऱ्यांदा टोबलेली होती, त्यामुळे घेणार तरी कोणत्या तोंडाने?

बाईने त्यांना चहा पाजला आणि जीपवरून हात फिरवून म्हणाली, "आता कशी कामाची दिसते."